सूर्य मावळायच्या आत

पहिल्या चालीच्या आदल्या रात्री तिचा निरोप आला. पाणी दोन लिटर, खारे शेंगदाणे, जास्तीचे मोजे, इथवर सगळं ओळखीचं होतं. पुढे लिहिलं होतं: "गाडी तोंड रस्त्याकडे करून लाव. ओळखपत्र वरच्या खिशात ठेव, सॅकच्या तळाशी नको. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, ते घरी सांगून ये. एकटीने पुढे जायचं नाही, एकटीने मागे राहायचं नाही. सूर्य मावळायच्या आत सगळ्याजणी गाडीत."

मी पुण्याची. कॉलेजात असताना सिंहगड, राजगड, तोरणा कितीदा केले त्याची गणती नाही. रात्री चढायला लागायचं आणि पहाटे माथ्यावर चहा. आम्हाला सूचना असायच्या त्या घसाऱ्याच्या, शेवाळाच्या, मधमाश्यांच्या. मुलींनी घोळक्यात राहावं, एवढं आई जाताना बजावायची. पण डोंगरावर जाताना ओळखपत्र वरच्या खिशात कशासाठी, हे मला त्या रात्री कळलं नाही. मी विचारलंही नाही. जे सांगितलं ते केलं.

निरोप पाठवणारी माझ्याच रुग्णालयात नर्स आहे. मी अटलांटात, तिथल्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिच्या गटात सगळ्या काळ्या स्त्रिया. त्या स्वतःला 'ब्लॅक' म्हणतात आणि तो शब्द अभिमानाने उच्चारतात, म्हणून मीही इथे 'काळ्या' असंच लिहिते. एकमेकींना त्या 'सिस' म्हणतात. आमच्याकडे थोरल्या बहिणीला ताई म्हणतात, असं मी एकदा सांगितलं आणि तेव्हापासून ती माझी ताई झाली. लेखातही तिला तेच म्हणते.

एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात माझी आई गेली. कोविडची दुसरी लाट होती. मी निघाले असते तर व्हिसाचा शिक्का मिळवून परत कधी येता आलं असतं, याचा भरवसा नव्हता, आणि मुलगा चार वर्षांचा होता. मी गेले नाही. वैकुंठ स्मशानभूमीत तिला पीपीई किट घातलेल्या अनोळखी माणसांनी नेलं. भाऊ फाटकापाशी उभा होता, त्याने फोन धरला होता, आणि मला दिसलं ते फक्त एक पांढरं पोतं आणि धूर. दहावं, तेरावं, काही मी पाहिलं नाही. इथे दुसऱ्या दिवशी कामावर गेले. पुढचे सहा महिने मी नळ्यांना लेबलं लावायचे, यंत्रं चालवायचे, घरी जाऊन स्वयंपाक करायचे. डोळे कधी भरून येतील याचा नेम नसायचा. ताईने एकदा माझ्या हातातला ट्रे काढून घेतला आणि म्हणाली, "शनिवारी आमच्याबरोबर चल. बोलायला लागणार नाही."

ती स्वतः अशीच चालायला लागली होती. तिची धाकटी बहीण बाळंतपणानंतर आठव्या दिवशी गेली. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, म्हणून ती दोनदा तपासायला गेली आणि दोन्ही वेळा तिला विश्रांती घ्यायला सांगून घरी पाठवलं. बाळंतपणानंतर वाढणाऱ्या रक्तदाबाची ती सरळ लक्षणं होती. ताई नर्स, पण त्या आठवड्यात दुसऱ्या गावी होती. अमेरिकेत गरोदरपण आणि बाळंतपणाशी जोडलेल्या कारणांनी काळ्या स्त्रिया गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे तिप्पट प्रमाणात मरतात. शिकलेल्या, पगारदार स्त्रियाही त्यातून सुटत नाहीत. ॲर्लिन जेरोनिमस या संशोधक बाईंनी १९९२ मध्ये यासाठी एक शब्द वापरला, त्याचा मराठीत अर्थ होतो 'झीज'. वर्षानुवर्षं अपमान गिळत, सावध राहत, दुप्पट कष्ट करत जगताना शरीर वयाच्या आधी झिजतं, असं त्यांचं म्हणणं. ताई म्हणते, "तो शब्द वाचला तेव्हा वाटलं, माझ्या आईच्या गुडघ्यांना कुणीतरी नाव दिलं."

बहिणीनंतर ताईचाही रक्तदाब चढला. तेव्हा तिने गर्लट्रेकबद्दल ऐकलं. टी. मॉर्गन डिक्सन आणि व्हेनेसा गॅरिसन या दोन मैत्रिणींनी २०१० मध्ये ही चळवळ सुरू केली, काळ्या स्त्रियांना घराबाहेर काढून चालतं करण्यासाठी. रोज तीस मिनिटं, आपल्याच गल्लीतून. चालण्याच्या जोरावर स्वातंत्र्य मिळवलेल्या हॅरिएट टबमनचा वारसा त्या सांगतात. टबमन १८४९ मध्ये मेरीलँडच्या गुलामगिरीतून पळाली, आणि मग तेराएक वेळा परत जाऊन जवळजवळ सत्तर माणसांना रात्रीच्या रानावनातून बाहेर घेऊन आली. ताई आधी एकटी चालली, मग चर्चमधल्या दोघी, मग रुग्णालयातल्या चौघी. गल्लीतून बागेत, बागेतून डोंगरावर. मी आले तेव्हा त्या चौदा जणी होत्या.

पहिला डोंगर अरेबिया माउंटन, अटलांटाच्या पूर्वेला, लिथोनियाजवळ. माझ्या घरून तासाभराची गाडी. मी तिकडे निघालेय हे कळल्यावर आमच्या ओळखीतल्या दोन घरांतून फोन आले: त्या भागात एकटी कशी जातेस, तिथली वस्ती कशी आहे ठाऊक आहे ना? ज्यांनी फोन केले ते प्रेमाची माणसं आहेत. पण तिकडे वस्ती काळ्यांची आहे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं, आणि आधीच्या कितीतरी वर्षांत मीही तेच ऐकून मान डोलावली होती. हे मला इथे लिहायलाच हवं.

अरेबिया माउंटन म्हटलं तर डोंगर, म्हटलं तर एक अवाढव्य उघडा कातळ. कोकणातला सडा आठवा, फक्त जांभ्याऐवजी करडा, लाटा थिजल्यासारखा दगड. वर झाड नाही, पायवाट उमटत नाही, म्हणून दगडांच्या लगोऱ्या रचून वाट दाखवली आहे. एका लगोरीपाशी उभं राहिलं की पुढची दिसते. चढ किरकोळ आहे. राजगड केलेल्या बाईला दम लागू नये. मला लागला. सहा महिने मी श्वासच अर्धा घेत होते बहुतेक.

त्या दिवशी मला मदर भेटल्या. चर्चमधल्या वयस्क, मानाच्या बाईला इथे 'मदर' म्हणतात, आणि सगळा गट त्यांना तेच म्हणतो. तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. त्यांच्या हातात आंब्याच्या कोयीएवढी मूठ असलेली जुनी काठी, डोक्याला जांभळं रेशमी फडकं. गट सगळ्यांत हळू चालणाऱ्या बाईच्या वेगाने चालतो, हा पहिला नियम, आणि सगळ्यांत हळू मदर चालत नव्हत्या, मी चालत होते. कुणी मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या बायकांची पावलं आपोआप आखूड झाली.

केसांबद्दल सांगते, कारण याचा अंदाज मला कधीच आला नसता. त्या गटातली एक शिक्षिका पंधरा वर्षं घाम येईल असं काही करत नव्हती. गरम कंगव्याने सरळ केलेले केस घामाने तासाभरात मूळपदावर येतात, आणि सोमवारी तसे केस घेऊन शाळेत गेलं की मुख्याध्यापकांच्या नजरेला उत्तर द्यावं लागतं. वेण्या घालून घ्यायच्या तर सहा-सहा तास बसायचं आणि पैसेही तसेच मोजायचे. सुती टोपी केसांतलं तेल शोषते, म्हणून टोपीच्या आत रेशमी अस्तर हवं. डोंगरावर जायला पहिली अडचण बुटांची असेल असं मला वाटायचं. गटात नवी बाई आली की बुटांच्या आधी केसांबद्दल बोलणं होतं, आणि सुई-दोरा घेऊन टोप्यांना अस्तर लावून द्यायचं काम आमच्यातल्या एक निवृत्त पोस्टमन बाई करतात.

माथ्यावर आम्ही गोल उभ्या राहिलो. मदरनी आपली पाण्याची बाटली उघडली आणि एक नाव घेतलं, आपल्या आजीचं. चूळभर पाणी कातळावर ओतलं. सगळ्या एका आवाजात म्हणाल्या, "आशे." पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेतला हा शब्द, आपल्या 'तथास्तु'च्या जवळचा. बाटली पुढे गेली. ताईने बहिणीचं नाव घेतलं. आशे. एकीने मुलाचं घेतलं. आशे. एकीला आपल्या पणजीच्या आईचं नाव माहीत नव्हतं, विक्रीच्या कागदावर फक्त वय आणि किंमत होती, तर ती म्हणाली, "जिचं नाव लिहून ठेवलं नाही ती." आशे.

बाटली माझ्याकडे आली. मला माहीत होतं हे काय आहे. ओंजळीतून पाणी सोडत नाव घ्यायचं, आपल्याकडे याला तर्पण म्हणतात. वडिलांचं माझ्या भावाने केलं होतं, आईचंही त्यानेच. मुलींच्या हातात ते पाणी सहसा देत नाहीत. मी आईचं नाव घेतलं, माहेरचंही आणि सासरचंही, आणि पाणी ओतलं. दगड इतका तापला होता की पाणी पाहता पाहता वाळलं. चौदा बायका माझ्या आईसाठी "आशे" म्हणाल्या. मी खाली बसले आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडले. कुणी गप्प बस म्हणालं नाही, कुणी पाठही थोपटली नाही. मदर शेजारी बसल्या आणि सॅकमधून सोललेलं संत्रं काढून फोडी माझ्या हातात ठेवत राहिल्या.

ओळखपत्राचा उलगडा मला पुढच्या महिन्यात झाला. जॉर्जियाच्याच किनाऱ्यावर ब्रन्स्विकमध्ये तेव्हा खटला चालू होता. २३ फेब्रुवारी २०२० रोजी पंचवीस वर्षांचा अहमद आर्बरी तिथे धावायला गेला होता. तीन गोऱ्या माणसांनी गाड्या घेऊन त्याचा पाठलाग केला आणि त्यांतल्या एकाने त्याला गोळ्या घातल्या. निकाल नोव्हेंबर २०२१ मध्ये लागला, तिघेही दोषी. त्या शनिवारी आम्ही चाललो तेव्हा कुणी फारसं बोललं नाही. गटातल्या एकीचा मुलगा पंचवीसचाच. ती म्हणाली, "तो धावायला जातो तेव्हा मी खिडकीत उभी असते. आज तो खिडकीत उभा होता, माझ्यासाठी."

जंगल आणि काळी माणसं यांचं नातं गुंतागुंतीचं आहे, आणि ते मला मदरच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्याने कळत गेलं. त्यांचे वडील दक्षिण जॉर्जियात पाइनच्या रानात टर्पेंटाइनसाठी चीक काढायचे. मालकाच्या दुकानात उधारी, उधारी फिटेपर्यंत सुटका नाही, आणि उधारी कधी फिटत नसे. रानात गेलेला माणूस संध्याकाळी परत येईलच असं नव्हतं. झाडांना माणसं टांगलेली पाहिलेल्या पिढीने पोरांना सांगितलं की रानाकडे वळू नका. दुसरीकडे त्यांचीच आजी खोकल्याला मलेनची पानं उकळायची, ससाफ्रासच्या मुळ्यांचा काढा करायची, आणि तिच्या आजीच्या काळात गुलाम माणसं रात्री रानातच चोरून प्रार्थनेला जमायची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ओल्या गोधड्या टांगायची. अशा जागांना 'हश हार्बर' म्हणत. मदर म्हणाल्या, "रान आमचंच होतं. भीतीने आमच्याकडून काढून घेतलं. मी ते परत मागायला येते." मग जरा थांबून, "आणि गुडघ्यांसाठीही."

त्याच्याही पुढे सरकारी पाट्या होत्या. व्हर्जिनियातल्या शेननडोआ राष्ट्रीय उद्यानात काळ्यांसाठी लुईस माउंटन नावाची वेगळी जागा १९३९ मध्ये उघडली होती. ती वेगळेपणाची व्यवस्था १९५० पर्यंत टिकली. प्रवासात कुठे जेवायला मिळेल, कुठे मुक्काम करता येईल, हे सांगणारी व्हिक्टर ग्रीन यांची हिरवी पुस्तिका १९३६ पासून जवळजवळ तीस वर्षं निघत होती. मदरच्या काकांकडे ती गाडीच्या खणात असे. आज कुणी म्हणतं की काळ्या लोकांना निसर्गाची आवड नाही, तेव्हा ताईचा आवाज चढतो, आणि तो चढायलाच हवा. त्याच सरकारच्या सेक्वोया उद्यानाचा कारभार १९०३ मध्ये चार्ल्स यंग या काळ्या अधिकाऱ्याने पाहिला होता, तेव्हा तो कॅप्टन होता, पुढे कर्नल झाला, हे ती दर वेळी ऐकवते. आणि एल्सी वॉकर या बाईंबद्दल सांगताना तर ती थांबतच नाही. ॲपलाचियन, पॅसिफिक क्रेस्ट आणि काँटिनेंटल डिव्हाइड, या तिन्ही लांबच लांब वाटा पुऱ्या करणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन अमेरिकन, २०१८ मध्ये.

मार्च २०२२ च्या अखेरीस आम्ही पुन्हा अरेबियावर गेलो. झिजून कातळात वाट्या पडल्या आहेत, त्यांत चिमूटभर माती आणि पावसाचं पाणी साचतं, आणि वसंतात त्यांत डायमॉर्फा नावाची बोटभरही उंची नसलेली लालभडक वनस्पती उगवते. सगळ्या कातळावर कुंकू सांडल्यासारखं दिसतं. कास पठार पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पाय कुठे ठेवतोय हे बघत चालायचं. खाली फ्लॅट रॉक नावाची जुनी वस्ती आहे, गुलामगिरी संपल्यावरही जमीन न सोडलेल्या काळ्या कुटुंबांची. तिथल्या दफनभूमीत कितीतरी थडग्यांवर नावाशिवाय नुसते रानदगड आहेत. आम्ही त्या दगडांवर पाणी ओतून आलो.

स्टोन माउंटनला जायचं मदरनीच ठरवलं. तो डोंगर मी त्याआधी सहा-सात वेळा पाहुण्यांना दाखवला होता. घुमटासारखा, भोवतालच्या सपाटीपासून ८२५ फूट उंच, एका बाजूला घोड्यांवर बसलेल्या तीन माणसांचं प्रचंड कोरीवकाम. पाहुणे फोटो काढायचे, मीही. ती तीन माणसं म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेचे नेते, हे मला नावापुरतं माहीत होतं. १९१५ मध्ये याच माथ्यावर क्रॉस पेटवून कू क्लक्स क्लॅन, काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना, पुन्हा उभी राहिली, हे माहीत नव्हतं. चढायच्या वाटेवर त्या दक्षिणेचे झेंडे असायचे. ते तिथून हलवायचं ठरलं ते थेट २०२१ मध्ये. मदर सकाळी सात वाजता पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मार्टिन ल्यूथर किंगनी १९६३ च्या भाषणात या डोंगराचं नाव घेतलं होतं. जॉर्जियाच्या स्टोन माउंटनवरूनही स्वातंत्र्याचा नाद घुमू दे, म्हणाले होते. मी चौदा वर्षांची होते. नाद घुमवायला कुणीतरी वर जायला नको का?"

वाट मैलभराचीच आहे, पण शेवटचा टप्पा उभा, लोखंडी कठड्याला धरून. मदर दर वीस पावलांवर थांबत होत्या. आजूबाजूला शनिवारच्या व्यायामाला आलेली माणसं, त्यांत निम्म्याहून जास्त काळी, मुलांना खांद्यावर घेतलेली, कानात गाणी लावलेली. कितीतरी जणांनी मदरना वाकून "येस, मॅम" म्हटलं. वर पोचल्यावर त्यांनी भाषण वगैरे केलं नाही. काठी दगडावर तीनदा आपटली. मग बसून उकडलेल्या शेंगा खाल्ल्या.

त्या वर्षी नोव्हेंबरात आम्ही मुक्कामी गेलो, उत्तर जॉर्जियात अमिकलोला धबधब्याच्या वर, पाच मैल चालून जायच्या हाइक इन या लाकडी बंगलीत. गाडीरस्ता पाहुण्यांसाठी नाहीच. नऊ जणींची आयुष्यातली ही पहिलीच रात्र होती जंगलात. पहिल्या तासात ताईने दाराची कडी दोनदा तपासली. जेवणं लांब टेबलावर सगळ्यांबरोबर होती, आणि बाकी पाहुणे गोरे होते. एका बाईने ताईला विचारलं, तुम्ही कुठल्या संस्थेकडून आलात? ताई म्हणाली, "आम्ही मैत्रिणी आहोत." बाईंनी बटाट्यांचं भांडं पुढे केलं.

जेवणानंतर आम्ही ओसरीवर बसलो. सप्तर्षी डोंगराआड गेले होते. शर्मिष्ठेवरून ध्रुव कसा शोधायचा, हे मला आईने गच्चीवर शिकवलं होतं, ते मी दाखवलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. टबमन याच ताऱ्याकडे बघत चालली होती. एकीने हळूच विचारलं, "हाच? दोनशे वर्षं तिथेच आहे?"

मी फार आनंदात होते. त्या आनंदात म्हणाले, "पुढच्या वेळी माझ्याकडे या. घराजवळच सॉनी माउंटन आहे. तीनेक मैलांची वाट, वरून ब्लू रिजचे डोंगर दिसतात. नंतर जेवायला घरी."

कुणी उत्तर दिलं नाही. ताईने शाल ओढून घेतली. मग मदरनी विचारलं, "तू फोरसाइथ काउंटीत राहतेस?" मी हो म्हणाले.

"मी तिथे एकदाच गेलेय. १९८७ मध्ये."

अंधारात त्यांनी जे सांगितलं, आणि नंतर मी घरी येऊन जे वाचलं, ते असं. सप्टेंबर १९१२ मध्ये फोरसाइथमध्ये एका गोऱ्या तरुणीवर हल्ला झाला, पुढे ती मरण पावली. संशयावरून रॉब एडवर्ड्स या काळ्या माणसाला जमावाने कमिंग या काउंटीच्या मुख्य गावातल्या तुरुंगातून ओढून काढून मारलं आणि भर चौकात टांगलं. अर्नेस्ट नॉक्स आणि ऑस्कर डॅनियल या दोन पोरांना खटल्याचा देखावा करून फाशी दिलं. मग रात्री घोडेस्वार फिरू लागले. घरं, चर्चं जाळली. काउंटीत जवळजवळ अकराशे काळी माणसं होती. काही आठवड्यांत जवळपास सगळी हाकलली गेली, जमिनी, गुरं, उभी पिकं टाकून. पुढची पाऊणशे वर्षं तिथे काळं माणूस राहू शकत नव्हतं. कामासाठी आलेल्याने सूर्य मावळायच्या आत निघून जायचं. जानेवारी १९८७ मध्ये नागरी हक्क चळवळीतले नेते होजिया विल्यम्स यांनी लहानसा मोर्चा नेला तर त्यावर दगड आणि बाटल्या पडल्या. पुढच्याच आठवड्यात वीस हजार माणसं आली. मदर अटलांटाहून बसने गेल्या होत्या. दोन्ही बाजूंना नॅशनल गार्डचे सैनिक, त्यांच्यामागे ओरडणारे लोक, मांडीवर बसवलेली लहान मुलंही ओरडणारी. "मी माझ्या पायांकडे बघत चालले," मदर म्हणाल्या. "आणि ऊन असतानाच बसमध्ये बसले."

मी २०१४ मध्ये तिथे घर घेतलं. शाळा चांगल्या, रस्ते रुंद, आपली माणसं खूप. १९८७ मध्ये चाळीसेक हजारांची असलेली ती काउंटी २०२० च्या जनगणनेत अडीच लाखांवर गेली, आणि त्यात भारतीयांचा वाटा मोठा आहे. आमच्या कॉलनीत गणपती बसतो, ढोल वाजतो. ज्या मोकळ्या, स्वस्त, नांदत्या जमिनीचं आम्ही कौतुक करतो, ती मोकळी कशी झाली हे आठ वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. 'गाडीचं तोंड रस्त्याकडे' ही सूचना ज्यांच्या हाडांत आहे, त्या चौदा जणींना मी तिथे पिकनिकला बोलावलं होतं. मी क्षमा मागितली. मदर म्हणाल्या, "तू केलं नाहीस. पण आता तुला माहीत आहे." आणि आत झोपायला गेल्या.

चार महिने कुणी विषय काढला नाही. मार्च २०२३ मध्ये मदरचाच फोन आला: "तुझ्या डोंगरावर जाऊ या."

तयारी मी केली. वाट दोनदा एकटीने चालून पाहिली. बाकं कुठे, फोनला रेंज कुठे जाते, मदरना कुठे टेकता येईल, लिहून काढलं. आधी आम्ही कमिंगच्या चौकात थांबलो. रॉब एडवर्ड्सच्या हत्येची माहिती देणारा फलक तिथे २०२१ मध्ये लागला आहे. मी त्या रस्त्याने शंभर वेळा गेले होते. ताईने तो मोठ्याने वाचला. मदरनी बाटली उघडली. रॉब. अर्नेस्ट. ऑस्कर. आशे.

सॉनीची वाट ओक आणि हिकरीच्या झाडांतून वळणं घेत जाते. मध्ये सोन्याच्या जुन्या खाणीचं तोंड आहे. माथ्यावरच्या कातळाला इंडियन सीट्स म्हणतात. ते इंडियन म्हणजे चेरोकी, ज्यांना १८३८ मध्ये बंदुकांच्या धाकाने इथून पश्चिमेला चालवत नेलं. त्यांच्यासाठीही पाणी सोडलं. एक गोरं जोडपं कुत्रा घेऊन उतरत होतं, त्यांनी वाट दिली, छान दिवस आहे म्हणाले. ताईचा हात वरच्या खिशाकडे गेलेला मी पाहिला. तिचं तिलाही कळलं नसेल. वर मदर कातळाच्या खोबणीत बसल्या, पाय सोडून, उत्तरेला निळ्या रांगा. सांगायला मोठं असं काही घडलं नाही. वारा होता. एकीने बूट काढून फोड बघितला. दुसरीने मुलाला फोटो पाठवला. शिक्षिकाबाईंनी टोपी काढून केस मोकळे सोडले.

घरी भरीत, भाकरी आणि कुरकुरीत भेंडी केली होती. भेंडी त्यांच्या आजीच्या घरचीही, त्यामुळे पहिल्यांदा तीच संपली. भिंतीवरचा जोतिबा-सावित्रीबाईंचा फोटो पाहून मदरनी विचारलं, हे कोण. मी सांगितलं: मुलींना आणि अस्पृश्यांना शिकवलं म्हणून शेणाचे गोळे झेललेलं जोडपं. जोतिबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. मदरनी बराच वेळ फोटोकडे पाहिलं. "इतक्या लांबून त्यांनी आमच्याकडे पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मुक्त करणाऱ्यांत पळून गेलेलेही धर हं. पहिलं पाऊल त्यांचं." मी धरते म्हणाले.

साडेसातला ऊन कलायला लागलं. ताई भांडी विसळता विसळता घड्याळ बघायला लागली. दोघी-तिघींनी सॅका दाराशी आणून ठेवल्या. गाड्या सगळ्या तोंड रस्त्याकडे करूनच लावलेल्या होत्या. मदर पुढच्या ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. समोरच्या घरातला मुलगा सायकल आत घेत होता. कॉलनीतले दिवे एकेक करून लागले.

"मदर, निघायचं?" ताईने विचारलं.

मदरनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचा तो आल्याचा चहा आहे ना, तो आणखी होईल का?"

मी आत जाऊन मोठं पातेलं चढवलं. चौदा कपांचं.